पायलटसाठी हवामान: पेपरातलं वेगळं आणि हवेतलं वेगळं

क्षितिजरेषा

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं. मी छोट्या विमानांवर शिकवते. हवामानाच्या पेपरात उत्तम मार्क पडलेली मुलं मेटार, म्हणजे विमानतळावरच्या हवेचा ताजा अहवाल, घडाघडा वाचून दाखवतात, वारा एवढा, व्हिजिबिलिटी एवढी, ढग इतक्या फुटांवर, सगळं बरोबर, आणि मग "बरं, मग आज जायचं का" असं विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत बसतात. त्यांचा दोष नाही, विषय शिकवलाच तसा जातो. पण वर गेल्यावर ढगाचं नाव विचारायला कोणी येत नाही. तिथे दोन गोष्टी कळाव्या लागतात. ही हवा माझ्या विमानाचं नेमकं काय बिघडवणार आहे, आणि बिघडायला सुरुवात झाल्यापासून माझ्या हातात किती वेळ आहे.

मला विचाराल तर हा वेळेचा हिशोबच खरा. धुकं बऱ्याचदा तासभर आधी चाहूल देतं, पंखावर बर्फ चढायला काही मिनिटं तरी लागतात, आणि मायक्रोबर्स्टमध्ये, म्हणजे ढगातून एकदम खाली आदळणाऱ्या हवेच्या झोतात, सगळा खेळ सेकंदांचा.

त्याच्यापासूनच सुरू करते. समजा तुम्ही फायनलवर, म्हणजे रनवेसमोर उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, आहात, स्पीड हवा तिथे, उतार व्यवस्थित, आणि रनवेच्या अलीकडे पावसाचा एक पडदा लोंबतोय, फार मोठा नाही, पलीकडचे दिवेही दिसतायत. त्या पडद्यातून थंड जड हवा सरळ खाली येऊन जमिनीवर आदळतेय आणि चारी बाजूंना पसरतेय. तुम्ही कडेला शिरलात की ती पसरणारी हवा समोरून येते, एअरस्पीड एकदम पंधरा-वीस नॉटने वाढतो, विमान ग्लाइडपाथच्या, म्हणजे उतरायच्या ठरलेल्या रेषेच्या, वर जातं, आणि हात आपसूक थ्रॉटल मागे घेतो. घात होतो तो इथे. कारण पुढच्या काही सेकंदांत तुम्ही मधोमध असता, हवा वरून दाबतेय, आणि तिथून पलीकडे गेलात की तोच वारा पाठीमागून, म्हणजे फुकट मिळालेला स्पीड तर गेलाच, वर स्वतःचाही गेला, आणि इंजिनची पॉवर तुम्हीच कमी करून ठेवलीय, जमीन काहीशे फुटांवर.

२ ऑगस्ट १९८५ ला डॅलसला डेल्टाची १९१ अशीच गेली, तीन इंजिनांचं एल-१०११, एवढं मोठं जेट, १३७ माणसं दगावली. त्याच्या दहा वर्षं आधी, २४ जून १९७५ ला, न्यूयॉर्कला ईस्टर्नची ६६ पडली होती, तिचा अभ्यास करताना हवामानशास्त्रज्ञ टेड फुजितांनी ही खाली आदळणारी हवा ओळखली, आणि सुरुवातीला बऱ्याच शास्त्रज्ञांना ते पटलंही नव्हतं. मायक्रोबर्स्टचा पसारा चार किलोमीटरच्या आतला आणि आयुष्य दहा-पंधरा मिनिटांचं, म्हणून पुढचं विमान सुखरूप उतरलं याचा अर्थ तुम्हीही उतराल असा होत नाही. अ‍ॅप्रोचवर स्पीड कारण नसताना वाढला तर खूश होऊ नका, गो-अराउंड करा, म्हणजे उतरणं सोडून परत वर चढा. आणि पंधरा मिनिटं लांब थांबलात तर बहुतेकदा प्रश्न आपोआप सुटतो.

बाकीच्यांनी आपापल्या अनुभवाचं लिहा. बर्फ, धुकं, डोंगर, सगळं चालेल.

पंखाखालचा

ताई, फार गरजेचा धागा. मी सध्या लायसनच्या तयारीत आहे. एक विचारू का, आता टॅबलेटवर पावसाचं रडार लाइव्ह दिसतं, मग दोन सेलच्या, म्हणजे गडगडाटी ढगांच्या, मधे मोकळी फट दिसत असेल तर तिथून जायला काय हरकत? वीस नॉटिकल मैल लांब राहा असं पुस्तकात आहे पण फटच पंचवीस मैलांची असेल तर ते कसं जमणार.

जुना_वारा

पंखाखालचा, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे बघ. दोन्हीकडे वीस-वीस ठेवायचे तर फट चाळीसची हवी. पंचवीसची असेल तर ती फट नाही, वळसा घालायचा किंवा खाली थांबायचं.

आता ते "लाइव्ह". मी आयुष्यभर लाइन फ्लाइंग केलंय, आता निवृत्त आहे, तरी नवीन मुलांशी बोलताना या शब्दावर आवर्जून थांबवतो. टॅबलेटवर जे येतं ते वेगवेगळ्या रडारची चित्रं गोळा करून, जोडून, मग तुझ्यापर्यंत पाठवलेलं असतं. कोपऱ्यात "२ मिनिटांपूर्वी" लिहिलेलं असतं ते जोडलेलं चित्र तयार झाल्याची वेळ, पाऊस प्रत्यक्ष पाहिल्याची नव्हे. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या संस्थेने, २०१२ मध्ये याच्यावर खास सूचना काढली होती की प्रत्यक्ष परिस्थिती त्या आकड्यापेक्षा आणखी पंधरा-वीस मिनिटं जुनी असू शकते. गडगडाटी ढग तेवढ्या वेळात नुसता सरकत नाही, नवा उभा राहतो. तुझी फट जिथे दिसतेय तिथे आत्ता ढग वाढून बसलेला असेल. ते चित्र लांबूनच रस्ता बदलायला वापर, आतून वाट काढायला कधीच नाही.

मग विमानाच्या नाकातलं रडार? ते खरोखर आत्ताचं दाखवतं पण त्याचंही एक आहे. जोराचा पाऊस मधे आला की रडारच्या लहरी तिथेच संपतात, पलीकडचं परत येतच नाही, आणि स्क्रीनवर पलीकडे काळं म्हणजे स्वच्छ दिसतं. ४ एप्रिल १९७७, सदर्न एअरवेज २४२, डीसी-९. क्रूला रडारवर जी वाट मोकळी वाटली ती प्रत्यक्षात वादळाचा सगळ्यात वाईट भाग होता. पाऊस आणि गारा एवढ्या गेल्या की दोन्ही इंजिनं बंद पडली, शेवटी जॉर्जियातल्या न्यू होप गावात हायवेवर उतरायचा प्रयत्न केला, ७२ जण गेले, त्यातले नऊ जमिनीवरचे. म्हणून पाऊस दाखवणाऱ्या ठिपक्याच्या मागे काळी सावली दिसली तर तिला मोकळं आकाश समजायचं नाही, तिथे काय आहे ते कळत नाहीये एवढंच समजायचं.

आणि ढगाच्या पसरलेल्या माथ्याखालून जाऊ नकोस, खाली हवा शांत वाटली तरी. गारा तिथून बाहेर फेकल्या जातात, ढगापासून मैलोगणती लांब, निरभ्र हवेत.

निंबोणी

मी पायलट नाही हो, फक्त प्रवासी, आणि विमान हललं की माझे हातपाय गार पडतात. तो सिंगापूर एअरलाइन्सचा प्रकार झाला तेव्हा बातम्यांत विमान सहा हजार फूट कोसळलं असं दाखवत होते. ते खरं होतं का? इथे विचारलं तर चालेल ना?

क्षितिजरेषा

निंबोणी, नक्की विचारा, धागा सगळ्यांसाठी आहे. ती एसक्यू ३२१, २१ मे २०२४, म्यानमारच्या वर सदतीस हजार फुटांवर होती. प्राथमिक अहवाल आला तेव्हा कळलं की त्या हिसक्यात विमान १७८ फूट खाली आलं होतं. नंतरचे सहा हजार फूट म्हणजे पायलटनी ठरवून, ताबा ठेवून केलेलं उतरणं. पण म्हणून ते किरकोळ नव्हतं. अर्ध्या सेकंदाच्या आसपास जी-फोर्स पॉझिटिव्हवरून निगेटिव्ह झाला, म्हणजे पट्टा न लावलेला माणूस थेट छताला, आणि काही सेकंदांत परत खाली. जखमा झाल्या त्या अशा. विमान खालून वाढत असलेल्या ढगांवरून जात असावं असं अहवालात आहे. पट्ट्याची खूण काही सेकंद आधीच लागली होती, तेवढ्यात कोण काय करणार.

तुमच्यासाठी मी एवढंच सांगेन की बसल्या जागी पट्टा कायम लावलेला ठेवा, सैल चालेल पण लावलेला. विमान मोडेल ही भीती मात्र मनातून काढा, टर्ब्युलन्सने प्रवासी जेटची मोडतोड होणं फार फार दुर्मिळ आहे.

जुना_वारा

ताईंच्या म्हणण्याला एक पुरवणी, डोंगर सोडून. ५ मार्च १९६६ ला बीओएसी या ब्रिटिश एअरलाइनची ९११ जपानच्या फुजी डोंगराजवळ लख्ख उजेडात हवेतच तुटली, १२४ माणसं. आकाश निरभ्र होतं. जोराचा वारा एकट्या उंच डोंगरावर आडवा आदळला की पलीकडच्या बाजूला लाटा तयार होतात, आणि त्यांच्याखाली गोल गोल फिरणारी हवा असते तिला रोटर म्हणतात. हवेत ओलावा असेल तर भिंगाच्या आकाराचे ढग दिसतात, वारा सोसाट्याचा असून जागचे न हलणारे, तेवढी खूण. ओलावा नसेल तर काहीही दिसत नाही. त्यामुळे डोंगरमाथ्यावर वारा पंचवीस-तीस नॉटच्या वर आणि रांगेला काटकोनात असेल तर छोट्या विमानाने त्या बाजूला जाऊच नये हे माझं ठाम मत. गेलंच तर रांग पंचेचाळीस अंशांत तिरकी ओलांडावी, म्हणजे नाही जमलं तर वळून खालच्या जमिनीकडे पळता येतं.

रानपाखरू

माझा मुद्दा अगदी साध्या दिवसाचा आहे कारण वादळाला सगळेच घाबरतात. कार्बोरेटरमधला बर्फ. बाहेर पंचवीस अंश, ऊन, हवा दमट, आणि इंजिनात बर्फ होतो हे नवीन मुलांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जाताना दाब कमी होतो आणि पेट्रोलची वाफ होते, दोन्हीमुळे तिथलं तापमान वीस-वीस अंशांनी खाली येतं, हवेतला ओलावा थ्रॉटलच्या पाकळीवर गोठतो.

दिसतं कसं ते सांगतो. फिक्स्ड पिचच्या, म्हणजे पात्यांचा कोन न बदलणाऱ्या, प्रॉपवर आरपीएम पन्नासने कमी होतो. तुम्ही न कळत थ्रॉटल थोडा पुढे करता. थोड्या वेळाने परत पन्नास. परत पुढे. असं करत करत कधी इंजिन खरखरायला लागतं तेव्हा बर्फ बऱ्यापैकी जमलेला असतो. आता कार्बोरेटरला गरम हवा देणारी कार्ब हीट ओढली की आरपीएम आणखी पडतो, इंजिन धडधडतं, कारण गरम हवा पातळ असते आणि वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये जातंय. नेमकं या वेळी घाबरून माणूस हीट परत बंद करतो. नाही करायची. पूर्ण ओढून ठेवायची, आवाज सहन करायचा, पाणी निघून गेलं की आरपीएम वर येतो. सगळ्यात जास्त धोका उतरताना, कारण पॉवर कमी असते आणि थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली, म्हणून पॉवर कमी करायच्या आधीच हीट घ्यायची.

ढगाळ

मी विमानतळाच्या हवामान कक्षात काम करतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. रानपाखरू यांनी इंजिनातल्या बर्फाचं लिहिलंय, मी पंखावरच्या बर्फाचं लिहितो.

पाणी शून्य अंशाला गोठतं हे शाळेतलं वाक्य ढगात लागू होत नाही. ढगातले थेंब शून्याच्या कितीतरी खाली, अगदी उणे चाळीसच्या जवळपासपर्यंत पाणीच राहू शकतात, आणि विमानाचा पंख लागला की क्षणात गोठतात. शून्य ते उणे दहाच्या दरम्यान थेंब मोठे असतील तर ते आदळल्यावर मागे ओघळत ओघळत गोठतात, काचेसारखा पारदर्शक जड बर्फ होतो, तो वाईट. त्याहून थंडीत बारीक थेंब जागीच गोठतात, पांढरा खरखरीत बर्फ, तो निदान दिसतो तरी.

ओघळण्याचं का सांगतोय तर ३१ ऑक्टोबर १९९४, अमेरिकन ईगलची एटीआर-७२, अमेरिकेतलं रोझलॉन. विमान होल्डिंगमध्ये घिरट्या घालत होतं, थेंब नेहमीपेक्षा मोठे होते, ते पंखाच्या पुढच्या कडेवरच्या रबरी बूटच्या मागे जाऊन गोठले. बूट फुगून बर्फ तोडतो पण स्वतःच्या अंगावरचा, मागचा नाही. त्या उंचवट्यामुळे एलेरॉनवर, म्हणजे विमान झुकवणाऱ्या पंखाच्या मागच्या फळीवर, वारा उलटा खेळला आणि विमान एकदम पलटलं. ६८ जण गेले. यंत्रणा सुरू होती. म्हणजे डी-आयसिंग आहे म्हणून बर्फात थांबून राहायचं नसतं, ते बाहेर पडेपर्यंतच्या वेळासाठी असतं.

जमिनीवरच्या दहिवराला तर बरेच जण मोजतच नाहीत. जाड सँडपेपरइतका खरखरीत थर लिफ्ट तीस टक्क्यांपर्यंत कमी करतो आणि ड्रॅग चाळीस टक्क्यांपर्यंत वाढवतो. पंख हाताने पुसून मगच निघायचं, वाटेत उडून जाईल असं धरून चालायचं नाही.

धुक्याबद्दल थोडंसं. तापमान आणि दवबिंदू यातला फरक बघा, आणि एकच मेटार बघू नका, मागचे चार एकाखाली एक ठेवा. फरक पाच, मग चार, मग दोन, वारा पडलेला, आकाश मोकळं, संध्याकाळ झालेली, तर तुमच्या उतरायच्या वेळेला तिथे रनवे दिसणार नाही हे जवळपास ठरलेलं. दिवसा हाच फरक ढग किती उंचीवर बसतील तेही सांगतो, एका अंशाला साधारण चारशे फूट. तीस आणि बावीस असेल तर बत्तीसशे फुटांच्या आसपास पुंजके. फुकटचं गणित आहे, वापरा.

उंबरठा

सगळं वाचलं. प्रामाणिकपणे सांगतो, इतके अपघात एकापाठोपाठ लिहिले तर नवीन माणूस उडायचं सोडून देईल. व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून, उडणाऱ्याने ढगात जायचं नाही, एवढा एक नियम पाळला की निम्मे विषय मिटतात असं मला वाटतं.

क्षितिजरेषा

उंबरठा, तुमचा नियम बरोबरच आहे. पण तो मोडतो कसा ते बघा ना. कोणी ठरवून ढगात घुसत नाही. ढग दोन हजारांवर असतात, पुढे जमीन चढत जाते, ढग तिथेच राहतात, मग माणूस थोडा खाली येतो, व्हिजिबिलिटी दहावरून सहा, सहावरून चार, प्रत्येक टप्प्याला वाटतं की आत्ता तर दिसतंय, आणि एका वळणात क्षितिज जातं. क्षितिज गेल्यावर कान खोटं सांगायला लागतो. हळूहळू झुकत गेलेलं विमान आतल्या कानाला कळतच नाही, सरळ केलं की उलट बाजूला झुकल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस परत झुकवतो.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला, इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशी सोय करून विमान चालवायला दिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी तीन मिनिटांच्या आत. पण त्या प्रयोगाचा दुसरा भाग कोणी सांगत नाही. त्याच लोकांना थोडं शिकवल्यावर त्यांना उपकरणांवर बघून अर्धं वळण घेऊन बाहेर पडता यायला लागलं. हलकं वळण, सेकंदाला तीन अंश, एका मिनिटात तोंड मागे. म्हणजे भीती घालायला नाही लिहीत मी हे, मागे फिरणं शिकता येतं म्हणून लिहितेय. माझ्या विद्यार्थ्यांना मी आकडा आधीच लिहून घ्यायला लावते, या उंचीखाली ढग आले की वळायचं, या व्हिजिबिलिटीला वळायचं, जमिनीवर डोकं शांत असताना लिहिलेला आकडा. हवेत त्यावर चर्चा नाही.

पंखाखालचा

हा आकड्याचा भाग मला पटला. उद्यापासून लिहीन. आणि उन्हाळ्याबद्दल कोणी बोललंच नाही, गरमीत आमचं ट्रेनर टेकऑफला अक्षरशः ओढत न्यावं लागतं.

रानपाखरू

डेन्सिटी अल्टिट्यूड रे, म्हणजे हवा किती पातळ झालीय त्या हिशोबाने विमानाला जाणवणारी उंची. समजा विमानतळ तीन हजार फुटांवर आणि तापमान पस्तीस. तिथे स्टँडर्ड तापमान नऊ असायला हवं, समुद्रसपाटीला पंधरा आणि दर हजार फुटाला दोन कमी. फरक सव्वीस, गुणिले एकशेवीस, म्हणजे तीन हजारांत आणखी तीन हजार. विमानाला वाटतं आपण सहा हजार फुटांवरून टेकऑफ करतोय. इंजिन, प्रॉप, पंख तिन्ही एकदम कमजोर, आणि एअरस्पीड इंडिकेटर मात्र काहीच वेगळं दाखवत नाही त्यामुळे लक्षात येत नाही. चार्ट उघडायचा, सकाळी लवकर निघायचं, इंधन लागेल तेवढंच.

जुना_वारा

दोन छोट्या गोष्टी राहिल्या. कमी दाबाच्या भागात जाताना अल्टिमीटर सेट केला नाही तर एका हेक्टोपास्कलला साधारण सत्तावीस-तीस फूट या हिशोबाने तुम्ही दिसतंय त्यापेक्षा खाली असता. दहा हेक्टोपास्कल म्हणजे जवळजवळ तीनशे फूट, टेकडीला पुरे.

दुसरं ज्वालामुखीची राख. ढगासारखीच दिसते पण कोरडी असल्यामुळे रडारवर येत नाही. २४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजच्या जंबोची चारही इंजिनं गालुंगुंगच्या राखेत बंद पडली, रात्र होती, काहीच दिसलं नाही, राखेतून खाली आल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि सगळे वाचले. म्हणूनच राखेचं सिग्मेट (धोक्याच्या हवेचा इशारा) आलं की त्यात तडजोड नसते.

पंखाखालचा

शेवटचा प्रश्न. ढगाळ दादा, आम्ही छोट्या विमानवाल्यांनी वर काय दिसलं ते रेडिओवर सांगितलं तर तुम्हाला खरंच उपयोग होतो का? मला नेहमी वाटतं की आपण काय सांगणार, मोठी विमानं आहेतच की.

ढगाळ

खूप होतो, आणि तुमचाच जास्त होतो. मोठी विमानं पाच मिनिटांत खालचे दहा हजार फूट ओलांडून जातात, तुम्ही तिथेच असता. आमच्याकडे जमिनीवरची निरीक्षणं आहेत, बलून ठरावीक वेळीच जातो, मधल्या हवेत आत्ता काय चाललंय हे सांगणारं तुमच्याशिवाय कोणी नाही. फार शब्द लागत नाहीत. कुठे आहात, किती वाजले, उंची किती, विमान कुठलं, आणि मग काय दिसलं. विमान नक्की सांगा, कारण जो हिसका ट्रेनरला जोराचा वाटतो तो जेटला जाणवणारही नाही. बर्फ दिसला तर बाहेरचं तापमान सांगा आणि किती वेळात किती जमला तेही. ढगांचा तळ अंदाजापेक्षा खाली असेल तर तेवढं एक वाक्य पुरे, मी लगेच अंदाज बदलायला घेतो. आणि हवा छान असेल तरी सांगा, "पाच हजारावर ढग नाहीत, हवा गुळगुळीत" हेही मला हवं असतं, नाहीतर खराब अंदाज उगाच लांबत राहतो आणि तुमचेच मित्र खाली बसून राहतात.

पंखाखालचा

समजलं दादा. पुढच्या सॉर्टीपासून तळ आणि तापमान दोन्ही सांगतो.